राणी छाप, 1911 की 1939: कोणता रुपया मोडीत घालावा?

जळगाव-धुळ्याकडे लक्ष्मीपूजनाच्या डब्यात चार-सहा चांदीचे रुपये असतातच. विकायची वेळ आली की सगळ्यात जुना तो सगळ्यात महाग, असं धरून चालतात. तिथंच फसगत होते.

1862 चा राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया बघा. टाकसाळीने हेच साल साच्यावर जवळजवळ तपभर तसंच ठेवलं, त्यामुळे हा रुपया कोट्यवधींनी पडला. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळा. शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. नाण्यावरच्या ठिपक्यांवरून ओळखतात त्या काही दुर्मिळ जाती सोडल्या, तर झिजलेला नग चांदीच्या भावाने सराफाला द्यायला हरकत नाही.

1911 चा पंचम जॉर्ज मात्र मोडीत घालू नका. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडली, तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले. सुमारे 94 लाख पाडले होते, बाहेर गेले जेमतेम 7 लाख. उरलेले बहुतेक वितळवले. 1912 पासून सोंड लांब केली.

1939 चा सहावा जॉर्ज त्याहून दुर्मिळ, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. 1938 च्या 8 ची खालची डावी बाजू खरवडून 9 करतात. दहापट भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचा सपाट भाग ओरखडलेला दिसतो. ओतीव नकलेवर बारीक पुरळ असतं, कडेला सांधा दिसतो.

1940 पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणून 1940 चं 1939 केलेलं नाणं पाण्याच्या चाचणीत पकडलं जातं. सराफी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. रुपया दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. 1.13 ग्रॅमच्या आसपास दाखवलं तर जुनी चांदी, 1.22 आलं तर निम्मी. 1938 वरून केलेली लबाडी मात्र यात सुटते, कारण चांदी तीच. तिथे भिंगच हवं.

आता अवस्था. सातपुड्याकडच्या हारांतल्या रुपयांना कडी डाखलेली असते. अशा 1911 लाही संग्राहक फार देत नाही, आणि कडी काढली तरी डाखाचा डाग राहतोच. दिवाळीला रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासलेल्या नाण्याचंही तेच: मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही. काळवंडलेला रुपया तसाच, कडेला धरून दाखवा. सराफाने तो कसोटीवर घासायला घेतला, तर आधी साल वाचा.