दगडासारख्या ब्लॉकसाठी लिथोट्रिप्सी बलून: वापरानंतरचे मत

धमनीतला ब्लॉक कॅल्शियमने कडक झाला असेल, तर साधा बलून कितीही दाबाने फुगवला तरी मधोमध आवळलेलाच राहतो आणि अशा जागी घाईने बसवलेला स्टेंट नीट उघडत नाही. या अडचणीवर आम्ही कॅथलॅबमध्ये (धमन्यांवर नळीतून उपचार करायच्या खोलीत) इंट्राव्हॅस्क्युलर लिथोट्रिप्सी बलून, म्हणजे धमनीच्या आतून लहरींनी कॅल्शियम फोडणारा बलून, नियमित वापरतो.

मुतखडा फोडणाऱ्या लहरींचेच हे तत्त्व आहे. धमनीच्या व्यासाइतका बलून ४ अ‍ॅटमॉस्फिअर एवढ्याच दाबाने फुगवून सेकंदाला एक याप्रमाणे १० पल्स (लहरींचे धक्के) द्यायचे, मग दाब ६ वर न्यायचा आणि बलून रिकामा करून रक्तप्रवाह पूर्ववत होऊ द्यायचा. पल्स चालू असताना पडद्यावर ती आवळलेली कंबर हळूच सुटते, तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. ईसीजीवर मध्येच पेसमेकरसारखे ठोके उमटतात. नवख्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. बलून ज्यावरून आत सरकवतात त्या नेहमीच्याच वायरवर काम भागते, भिंतीतले खोलवरचे कॅल्शियमही तडकते आणि भुगा पुढे वाहून प्रवाह मंदावण्याचा धोका रोटाब्लेटरपेक्षा (कॅल्शियम घासून काढणाऱ्या फिरत्या उपकरणापेक्षा) कमी राहतो.

उणीव जाडीची आहे. सुईच्या टोकाएवढ्या वाटेतून हा बलून पुढे सरकतच नाही; तिथे मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेणारा रोटाब्लेटरचा हिरेजडित बर (घासणारे टोक) आधी फिरवावा लागतो. त्यामुळे लिथोट्रिप्सी आली म्हणून रोटाब्लेटर कपाटात टाकणे मला पटत नाही. ओसीटीमध्ये (धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेल्या प्रतिमेत) धमनीच्या घेरातला कॅल्शियमचा कंस १८० अंशांहून मोठा आणि थर अर्ध्या मिलिमीटरहून जाड दिसला, तरच हा महागडा बलून उघडावा.

प्रात्यक्षिकात गुंतागुंतीविषयी फारसे कोणी बोलत नाही, ही माझी तक्रार आहे. एका रुग्णात कॅल्शियमच्या धारदार कडेने बलून फुटला आणि धमनीच्या अस्तराला चीर गेली. वायर जागेवर होती, म्हणूनच स्टेंटने ती चीर लगेच झाकता आली. धमनी फुटण्याची मला अधिक भीती वाटते ती त्यानंतरच्या टप्प्यात, म्हणजे मोठ्या मापाचा बलून चढ्या दाबाने फुगवताना. तसे झालेच तर त्याच जागी बलून फुगवून रक्तस्राव थोपवायचा, इको करून हृदयाभोवती रक्त साचते आहे का ते पाहायचे आणि गरजेप्रमाणे कव्हर्ड स्टेंट (पातळ पडद्याने मढवलेला स्टेंट) बसवायचा किंवा सुईने ते रक्त काढायचे. हे साहित्य टेबलाजवळ असल्याची खात्री केल्याशिवाय मी लिथोट्रिप्सीचे पाकीट फोडत नाही.