घरच्या वर्कशॉपसाठी ईआर ३२ कॉलेट : पूर्ण संच की सुटे नग?

कॉलेट म्हणजे मिलिंग मशीन किंवा लेथवर कटर अथवा सळई घट्ट धरणारी, फटी पाडलेली नळी; ईआर ३२ हे त्याचे एक माप. वडोदऱ्यात असे कॉलेट मिळणे अवघड नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात टूल्सची दुकाने आहेत, राजकोटचा माल येथे सहज येतो आणि ऑनलाइन मागवल्यास ३ ते २० मिमीचा अठरा नगांचा संच घरपोच मिळतो. अवघड आहे ती निवड. मी वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती तयार करतो आणि त्यासाठी असा एक बिननावाचा संच, तसेच मकरपुऱ्यातील एका दुकानातून सुटे घेतलेले ६, १० आणि १२ मिमीचे अचूक श्रेणीचे कॉलेट, असे दोन्ही वापरतो. या वापरावरून माझे ठाम मत झाले आहे, की घरच्या कामासाठी अठरा साधारण कॉलेटांपेक्षा तीन-चार चांगले कॉलेट आणि ते आवळणारा एक चांगला नट यांवर पैसे खर्च करावेत.

ईआर पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७२ मध्ये आणली आणि पुढे ती डीआयएन ६४९९ व आयएसओ १५४८८ या मानकांत समाविष्ट झाली. त्यामुळे एका कंपनीचा कॉलेट दुसऱ्या कंपनीच्या चकात, म्हणजे कॉलेट धरणाऱ्या मशीनवरच्या भागात, बसतो. तो न डोलता किती खरा फिरेल, हे मात्र ग्राइंडिंगवर ठरते. कॉलेटच्या बाहेरच्या अंगाला अक्षापासून ८ अंशांचा उतार असतो आणि नट आवळला की दोन्ही टोकांकडून आळीपाळीने कापलेल्या फटी मिटत जाऊन भोक लहान होते. हा उतार आणि भोक एकाच अक्षावर नसतील, तर नट कितीही आवळला तरी कटर डोलतच राहतो. रेगो-फिक्स आपल्या साध्या कॉलेटसाठी १० मायक्रॉन आणि अधिक अचूक अशा यूपी श्रेणीसाठी ५ मायक्रॉन रनआउटची (फिरताना होणाऱ्या डोलण्याची) हमी देते. बाजारातील बिननावाच्या खोक्यांवरही असेच आकडे छापलेले असतात, पण ते डायल (असे डोलणे मोजणारे काट्याचे उपकरण) लावून पाहिल्याशिवाय मानू नयेत.

तपासणी घरी करता येते. प्रथम स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावून मशीनचा स्वतःचा दोष पाहावा. मग १० मिमीची कडक, ग्राइंड केलेली डॉवेल पिन (अचूक मापाची गोल सळी) कॉलेटमध्ये धरावी आणि तोंडापासून २५ मिमीवर डायल टेकवून स्पिंडल हाताने फिरवावा. जास्तीत जास्त काटा कोठे येतो, तेथे चकावर खूण करावी, नट सैल करून कॉलेट चकात पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा पाहावे. उंचवटा कॉलेटबरोबर सरकला तर दोष कॉलेटचा. खुणेपाशीच राहिला तर चकाचा किंवा स्पिंडलचा. माझ्या संचातील काही नग या कसोटीला चांगले उतरले आणि काहींचा काटा ४० मायक्रॉनपर्यंत गेला. एकाच खोक्यात एवढी तफावत असते, हीच माझी संचाबद्दलची मुख्य तक्रार आहे. त्या नगांच्या फटींच्या कडांवरून नख फिरवले तर बर (धातूची राहिलेली बारीक धार) अडकते. सुटे घेतलेल्या कॉलेटांच्या कडा मोडलेल्या आणि आतून स्वच्छ आहेत.

हे ४० मायक्रॉन ड्रिलिंगमध्ये फारसे जाणवत नाहीत. पण ३ मिमीच्या दोन दातांच्या एंड मिलला (मिलिंगच्या कटरला) दर दाताला २० मायक्रॉन फीड (पुढे सरकण्याचे अंतर) दिली असेल, तर एवढ्या रनआउटमध्ये सगळा भार एकाच दातावर येतो, दुसरा जेमतेम घासतो आणि कटर लवकर तुटतो. लहान कटर वापरणाऱ्याने म्हणूनच निदान ६ मिमीचा कॉलेट उत्तम प्रतीचा घ्यावा, कारण लहान कार्बाइड कटरांच्या शँक (कॉलेटमध्ये धरायचे दांडे) बहुधा याच मापाच्या असतात.

नटाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ईआर ३२ च्या नटाचा आटा एम ४० × १.५ असतो; आतला दाबणारा उतार आट्याशी समअक्ष नसेल, तर तो चांगल्या कॉलेटलाही तिरपा दाबतो. कॉलेट आधी नटातील कड्यात किंचित तिरपा धरून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावा आणि मगच नट चकावर चढवावा. कॉलेट चकात टाकून वरून नट आवळल्यास कड्याची वाट लागते आणि सोडवताना कॉलेट आतच अडकून बसतो.

ईआर ३२ चा प्रत्येक कॉलेट साधारण १ मिमी मिटतो, त्यामुळे पाव इंची शँक ७ मिमीच्या आणि अर्धा इंची १३ मिमीच्या कॉलेटमध्ये धरता येते. पकड मात्र छापील मापालाच सर्वांत चांगली मिळते आणि त्याहून मोठी शँक कधीही कोंबू नये. भोकाच्या निदान दोन-तृतीयांश लांबीपर्यंत शँक आत हवी. आखूड तुकडा धरायचा असेल, तर मागच्या टोकाला त्याच मापाचा ठोकळा घालावा. लेथवर लांब सळई धरणाऱ्यांनी मोर्स टेपरच्या (स्पिंडलच्या निमुळत्या भोकात बसणाऱ्या) चकाऐवजी फ्लँजवर बसणारा चक घ्यावा, म्हणजे सळई स्पिंडलमधून आरपार जाते.

मी सुटे नग घेतो त्या दुकानदाराने काउंटरवर डायल लावून पाहू दिले आणि घरी न पटल्यास नग बदलून देण्याचे मान्य केले. ही सोय मला किमतीतील सवलतीपेक्षा मोलाची वाटते. तेथे ईआर ३२ आणि त्याहून लहान ईआर २५ ची मापे भरपूर आहेत, परंतु आणखी लहान ईआर ११ चे साहित्य फार थोडे ठेवतात, तेव्हा छोट्या राउटर स्पिंडलसाठी कॉलेट हवे असल्यास आधी फोनवर विचारूनच जावे.