द्राक्षबागेत लोरावॅन: पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

गोडी छाटणीपासून, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत निफाडजवळच्या आमच्या बागेत लोरावॅनवरचे सेन्सर चालवले. लोरावॅन म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारं रेडिओ नेटवर्क. जमिनीतला ओलावा, पानांवरचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता, एवढंच मोजतो. या कामाला मला याहून चांगला पर्याय दिसत नाही.

वायफाय बागेत टिकत नाही. त्याची 2.4 गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटरची, पाण्याने भरलेली पानं ती शोषून घेतात. मांडव भरला की रेंज गेलीच. एनबी-आयओटीला, म्हणजे मोबाइल टॉवरवरून चालणाऱ्या सेन्सरना, प्रत्येकामागे सिम आणि रिचार्ज. लोरावॅन 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतं आणि सेन्सरचे संदेश गोळा करणारा गेटवे आपल्याच गच्चीवर असतो.

विहिरीकडच्या खोलगट भागातला सेन्सर मात्र कायम एसएफ12 वर अडकायचा. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; आकडा जितका मोठा, तितका संदेश लांब जातो, पण सावकाश. एसएफ7 वर साठ मिलिसेकंदांत जाणाऱ्या छोट्या संदेशाला तिथे जवळपास दीड सेकंद लागतो आणि बॅटरी त्याच हिशोबाने उतरते. अँटेना बांबूला बांधून मांडवाच्या तारांच्या वर काढली, तेव्हा तो एसएफ9 वर आला. विक्रेते रेंज किलोमीटरमध्ये सांगतात, तारांचं कोणी बोलत नाही.

पैसे खरे वसूल झाले ते गेटवेशेजारच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकामुळे. पान किती तास ओलं होतं आणि तेव्हा तापमान किती होतं, यावरून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका तो घरातच काढतो. गावातली लाइट गेली की नेटही जातं, पण गेटवे आणि पाय इन्व्हर्टरवर आहेत. पोंगा (डोळे फुटणं) ते फुलोरा या काळात पहाटेचा आकडा हातात नसेल तर फवारणी अंदाजानेच होते, आणि मला ते अजिबात मान्य नाही.

व्हॉल्व्ह किंवा मोटर जोडणार असाल तर यंत्राचा क्लास, म्हणजे ते आदेश कधी ऐकतं त्याचा प्रकार, बघा. क्लास ए चं यंत्र स्वतः संदेश पाठवल्यावरच क्षणभर ऐकतं. ते पंधरा मिनिटांनी बोलत असेल तर ‘बंद हो’ सांगायलाही तेवढंच थांबावं लागतं. क्लास सी सतत ऐकतो, पण त्याला कायम वीज हवी. स्टार्टरपाशी तो चालून जातो, कारण थ्री फेज असेल तेव्हाच मोटरला आदेश द्यायचा असतो. बॅटरीवरच्या ठिबकच्या व्हॉल्व्हला तो परवडत नाही.

प्लॉट एकच, सेन्सर दोनच आणि टॉवर समोर असेल तर गेटवेवर खर्च करू नका, सिमवालं घ्या. लोरावॅन घेतलंत तर खोक्यावर आयएन865, म्हणजे भारताच्या पट्ट्याची खूण, आहे ना ते तपासा. परदेशातून येणारे 915 मेगाहर्ट्झचे सेन्सर आपल्या पट्ट्यात बसत नाहीत.