डीडीआर५चा असेम्बल्ड पीसी, आठ महिन्यांनंतर: बटण दाबल्यानंतरचं ते एक मिनिट

एएम५चा (एएमडी रायझन सीपीयू बसतो तो) बोर्ड, डीडीआर५ ६००० रॅमची १६-१६ जीबीची जोडी, एनव्हीएमई एसएसडी. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे थेट दुखण्यावर येतो. बटण दाबलं की पंखे फिरतात, आरजीबीची रोषणाई होते आणि स्क्रीन पन्नासेक सेकंद काळी ठार. एवढी वेगवान एसएसडी घेऊन उपयोग काय?

कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर: विंडोज नव्याने टाका. अजिबात टाकू नका. आधी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये ‘लास्ट बायोस टाइम’, म्हणजे विंडोजआधी बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमने (बायोसने) घेतलेला वेळ, बघा. इथे ४८.३ सेकंद होता. म्हणजे विंडोजची पाळी येण्याआधीच वेळ जात होता. स्टार्टअपमधली अ‍ॅप्स बंद करून किंवा एसएसडी बदलून यातला एक सेकंदही कमी होत नाही. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’सुद्धा फक्त पुढचा भाग आटोपतं.

मग केसचं झाकण काढून बोर्डावरचे चार बारीक दिवे बघायचे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. डीरॅमचा दिवा लागून तिथेच अडला तर ते मेमरी ट्रेनिंग. सीपीयूमधला मेमरी कंट्रोलर रॅमच्या सिग्नलांची वेळ जुळवत असतो. पहिल्यांदा चालू करताना किंवा बायोस अपडेटनंतर याला काही मिनिटं लागू शकतात. घाबरून वायर उपटू नका. पण रोज सकाळी तेच का? कारण बायोसमधलं ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ ‘ऑटो’वर, म्हणजे बोर्डाच्या मर्जीवर. ते ‘एनेबल’ केलं की आधी जुळवलेले आकडे पुन्हा वापरले जातात. वेळ १७ सेकंदांवर आला. एवढी कामाची सेटिंग चार मेनू आत, आणि मॅन्युअलमध्ये एक ओळ नाही!

इथवर पाच तारे द्यायला हरकत नव्हती. पण आठवड्याभरात विंडोज कोसळून निळे स्क्रीन सुरू झाले. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६चे चारही पास स्वच्छ, म्हणजे रॅम बिचारी निर्दोष. त्याच पानावरचं ‘पॉवर डाउन एनेबल’ बंद राहिलं होतं. या दोन सेटिंगा जोडीनेच चालू ठेवायच्या. तरीही अडखळलं तर रॅम ५६००वर उतरवा. रॅमच्या आणखी दोन काड्या खोचायचा मोह आवरा: रायझन ७०००वर चार काड्यांसाठी अधिकृत वेग ३६००च आहे, आणि ट्रेनिंगही लांबतं. दोनच असतील तर सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

सहाव्या महिन्यात पुन्हा ५० सेकंद. घड्याळ मागे, एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं प्रोफाइल) बंद, रॅम ४८००वर. ही लक्षणं बोर्डावरचा, घड्याळ आणि सेटिंगा जपणारा गोल सीआर२०३२ सेल उतरल्याची. मल्टिमीटरवर २.६ व्होल्ट, नवा सेल ३च्या वर दाखवतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्यांना हा त्रास आधी जाणवतो, कारण स्टँडबाय वीज नसली की सगळा भार सेलवर.

चिल्लर किमतीचा सेल, पण बसवलाय ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर खाली. बदलायला कार्डाचे दोन स्क्रू काढा, पॉवरची वायर सोडवा, स्लॉटची खिट्टी कार्डाखाली बोट न पुरणाऱ्या जागी, म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबा. कमी केलेला तारा या खिट्टीसाठी. सेल घालताना ‘+’ वर. नंतर तारीख, एक्स्पो आणि त्या दोन सेटिंगा पुन्हा लावून एफ१०. बायोस अपडेटमध्ये सेव्ह केलेलं प्रोफाइलही उडू शकतं, तेव्हा त्या पानांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा.