निवासी केंद्राचा अनुभव: समुपदेशन उत्तम, वैद्यकीय व्यवस्था चिंताजनक

गांजाची सवय आणि घरातली रोजची आदळआपट यांमुळे आमच्या १६ वर्षांच्या मुलाला आम्ही पुण्याबाहेरच्या एका निवासी केंद्रात दीड महिन्यासाठी दाखल केले होते. प्रत्यक्षात तो १९ दिवसच राहिला. त्याला लहानपणापासून आकडी येते आणि त्यासाठी सोडियम व्हॅल्प्रोएट दिवसातून दोनदा घ्यावे लागते, हे प्रवेशअर्जात आम्ही स्पष्ट लिहून दिले होते.

समुपदेशनाबद्दल मी कृतज्ञ आहे. तिथल्या ताईंनी उपदेश न करता त्याला बोलते केले आणि दहावीच्या वर्षात त्याच्या मनात काय साचले होते, ते आम्हाला त्यांच्यामुळेच कळले. जेवण आणि स्वच्छता व्यवस्थित होती.

पहिले दहा दिवस भेट नाही, असा तिथला नियम होता. अकराव्या दिवशी गेले तेव्हा औषधांची वही पाहायला मागितली, तर पुढच्या दोन रात्रींच्या रकान्यांतही सह्या झालेल्या होत्या, सगळ्या एकाच शाईत. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तर सहा जास्त निघाल्या. रात्रीच्या गोळ्या वॉर्डन वाटत असत आणि मूल लवकर झोपले की गोळी राहून जात असे. हे औषध असे मध्येच चुकले किंवा एकदम थांबले, तर आकडी पुन्हा येऊ शकते आणि प्रसंगी लांबून जिवावर बेतू शकते. 'यापुढे काळजी घेऊ,' या आश्वासनावर आम्ही विसंबलो, याची खंत आजही वाटते.

एकोणिसाव्या रात्री त्याला आकडी आली, तेव्हा केंद्रात डॉक्टर नव्हते आणि नर्सही नव्हती. वॉर्डनने घाबरून त्याच्या दातांत चमचा घातला आणि त्याचा एक दात तुटला. अशा वेळी तोंडात काहीही न घालता रुग्णाला कुशीवर वळवायचे आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर तातडीने रुग्णालयात न्यायचे, एवढे शिक्षण तरी रात्रपाळीच्या माणसाला असायलाच हवे होते.

नंतर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ वाचला. व्यसनाशी निगडित मानसिक त्रासही त्यात येतात. अल्पवयीन मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे, त्यांपैकी किमान एक मनोविकारतज्ज्ञ असावा, प्रवेशाची माहिती ७२ तासांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावी आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ मुलासोबत राहावी, असे त्यात म्हटले आहे. आमच्या मुलाला एकाच डॉक्टरांनी, तेही दाखल केल्यानंतर चौथ्या दिवशी तपासले, आणि सोबत राहण्याची परवानगी मागितली तेव्हा 'घरचे जवळ असले की मुलं सुधारत नाहीत,' असे ऐकवण्यात आले.

ज्यांच्या मुलांना आकडी, दमा, मधुमेह यांसारखा आजार आहे किंवा मनोविकाराची औषधे चालू आहेत, त्यांनी पैसे भरण्याआधी रात्री कोण हजर असते, औषधे कोण देते आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे लेखी घ्यावे आणि औषधांची वही स्वतः चाळावी. आमचा मुलगा आता घरूनच बाह्यरुग्ण उपचार घेतो आहे. त्या ताईंशी मात्र तो दर शनिवारी फोनवर बोलतो.