मूलपेशी गेल्या कुठे? नॅनोकण, लोह की ल्युसिफरेज

उंदराच्या शेपटीच्या शिरेतून मूलपेशी सोडल्या की पहिला प्रश्न पडतो, गेल्या कुठे? (मेसेन्कायमल, म्हणजे अस्थिमज्जा किंवा चरबीतून काढतात त्या प्रकारच्या असतील तर बहुतेक आधी फुप्फुसातच अडकतात.) दुसरा प्रश्न उशिरा सुचतो: जिवंत आहेत का? उत्तर मिळावं म्हणून पेशींवर आधीच खूण करून ठेवतात: चमकणारे नॅनोकण, लोहकण किंवा ल्युसिफरेज. यातला तुमचा प्रश्न कोणता, त्यावर खूण ठरवा.

चमकणाऱ्या कणांत क्वांटम डॉट, म्हणजे आकारानुसार रंग बदलणारे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण, सगळ्यांना भुरळ घालतात. त्यांच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. कण दोन नॅनोमीटरचा असला तर निळा, सहाच्या आसपास लाल; एकाच दिव्याखाली तीन-चार रंग. पण गाभा बऱ्याचदा कॅडमियमचा. कवच झिजलं की विष पेशीतच उतरतं. नॅनोहिऱ्यांना, म्हणजे हिऱ्याच्या चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना, ती भीती नाही, आणि तासन्‌तास प्रकाश टाकला तरी ते फिके पडत नाहीत. तैवानच्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांना टोचलेल्या फुप्फुसाच्या मूलपेशी याच हिऱ्यांनी शोधल्या. सात दिवसांनीही त्या बारीक श्वासनलिकांच्या टोकांशी होत्या. हे दिसलं मात्र फुप्फुसाच्या कापांत.

जिवंत प्राण्यात घोडं अडतं ते पेशी शरीरात किती खोल आहेत यावर. मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरून पाहा, वर फक्त लाल उजेड येतो. बाकीचा रक्त गिळतं. म्हणून लाल-अवरक्त कण घ्यायचे. तिथेही एक गंमत आहे: उंदरांच्या खाद्यात लसूणघास असेल तर तिच्यातलं हरितद्रव्य आतड्यात लालच चमकतं. आठवडाभर आधी खाद्य बदला, नाहीतर पोटात मूलपेशी सापडल्याचा आनंद व्हायचा.

लोहकणांना खोलीची अडचण नाही. एमआरआयत काळा डाग दिसतो, माणसातही चालतं. पण रक्तस्रावही तसाच काळा दिसतो.

ल्युसिफरेज म्हणजे काजव्याला उजळवणारं विकर. त्याचं जनुक घातलेली पेशी जिवंत असेल तरच उजळते आणि विभागली तरी खूण पातळ होत नाही; कणांची मात्र दर विभाजनाला निम्मी होते. पण दर वेळी ल्युसिफेरिन (या विकराला उजेडासाठी लागणारं द्रव्य) टोचावं लागतं, आणि पेशीचं जनुक बदललेलं असतं. रुग्णापर्यंत जायचं असेल तर हे जड जातं.

माझं मत विचाराल तर काही दिवसांचा मुक्काम आणि नंतर काप पाहायचे असतील तर नॅनोहिरे. महिनाभर तगतात का हे पाहायचं असेल तर ल्युसिफरेजच. कण घेतलेत, तर दोन-तीन उंदरांना खूण केलेल्या पण आधीच मारलेल्या पेशी टोचा. तिथेही तेवढीच चमक टिकली, तर तुम्ही मूलपेशी नव्हे, त्यांना खाऊन बसलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातली मेलेली पेशी-कचरा गिळणाऱ्या पेशी मोजताय.