हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी: वापरानंतरचा अनुभव, आणि एका पितळी नटाची तक्रार

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो इंधन नाही, जळत नाही. बंद नळीत फिरत राहतो, उन्हाळ्यात आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची उचलून आत आणतो आणि पुन्हा फेरीला निघतो. दहा वर्षांनीही तो पहिल्या दिवशी होता तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठून तरी गेला, आणि जिथून गेला ती फट अजून तिथंच आहे. एवढी साधी गोष्ट सर्व्हिसला येणाऱ्यांना पटवण्यात माझं इतकं डोकं उठलं, की लिहायला बसले ती त्यासाठीच. कंपनीचं नाव देत नाही. मशीन चांगलं आहे. तक्रार ते बसवणाऱ्यांबद्दल आणि सर्व्हिसबद्दल आहे, आणि अशी सर्व्हिस एकाच कंपनीत मिळते असंही नाही.

मशीन इन्व्हर्टरवालं (म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारं), आर-३२ गॅसचं, थंड आणि गरम दोन्ही करणारं. टन, खोलीचं माप वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडते. थंडाव्याबद्दलही फार लिहिण्यासारखं नाही. आवाज कमी, खोली पटकन थंड होते, मग कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) वेग उतरवून संथपणे चालू राहतो. रात्री २६ वर ठेवून पंखा बारीक चालवला की पुरतं. विजेचं बिल पाहून तरी मी खूश आहे.

हीटिंगबद्दल मात्र माझं मत बदलत गेलं. सुरुवातीला ते अजिबात आवडलं नव्हतं. पाय गार आणि डोक्याजवळ ऊब, असा प्रकार. कारण गरम हवा वर चढते आणि इनडोअर युनिट छताजवळ असतं. त्यातला सेन्सर वरचीच हवा मोजतो आणि खोली गरम झाली असं समजून जोर कमी करतो. उपाय दोन निघाले. झडपा पूर्ण खाली वळवायच्या (थंडाव्याला आडव्या, गरमीला खाली) आणि रिमोटमधला सेन्सर वापरायची सोय असेल तर ती चालू करून रिमोट आपल्याजवळ ठेवायचा. एवढ्यानं खोलीचा नूर बदलला. शिवाय साध्या कॉइलच्या हीटरमध्ये एक युनिट वीज घातली तर एकाच युनिटची उष्णता मिळते. हे मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आणतं, त्यामुळे थंडी फार कडक नसेल तर तेवढ्याच विजेत तिप्पट-चौपट उष्णता देतं. पैसा वाचवायचा असेल तर यासारखं दुसरं साधन नाही. आत काही जळत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही. पण स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, तीच हवा घुसळत राहतो. त्याच खोलीत शेगडी किंवा गॅसचा हीटर जळत असेल तर खिडकी उघडी हवीच.

आता डीफ्रॉस्ट. बाहेर पारा पाच अंशांच्या आसपास किंवा खाली आला आणि हवेत ओल असली, की गरम करताना आउटडोअरच्या कॉइलवर बर्फ धरतो. मग मशीन स्वतःच थोडा वेळ उलटं चालतं, आतला पंखा बंद ठेवतं आणि बाहेरचा बर्फ वितळवतं. फुस्स असा आवाज होतो, बाहेर वाफ दिसते, खाली पाणी गळतं. पाच-दहा मिनिटांत पुन्हा गरम हवा सुरू. हा बिघाड नाही, आणि त्यासाठी कोणाला बोलवायचंही नाही.

मी हे वाचून निश्चिंत होते. नंतर लक्षात यायला लागलं की हवा कोरडी असताना, फार थंडी नसतानाही डीफ्रॉस्ट होतोय आणि दोन डीफ्रॉस्टमधला वेळ कमी होत चाललाय. जाळीतून येणारी हवा पूर्वी हाताला चांगली गरम लागायची, ती आता कोमट. म्हणजे एरवी निरोगीपणाची खूण असलेला डीफ्रॉस्ट इथं आजाराची खूण झाला होता. गॅस कमी पडला की बाहेरचं कॉइल जास्तच गार होतं आणि त्यावर लवकर बर्फ धरतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नाही. लिहायला हवं.

तक्रार नोंदवली. टेक्निशियन आला, दाब मोजायचं गेज लावलं, सुई बघितली आणि म्हणाला, "मॅडम, गॅस कमी आहे, टॉप-अप करून देतो." मी विचारलं, कुठून गेला? "थोडा थोडा कमी होतोच." मी सही केली नाही. पुढच्या वेळी दुसरा आला, त्याचंही तेच. पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरून पैसे मागावेत, तसा हा व्यवहार. आणि दर हंगामाला हेच करायचं म्हणजे त्यांना कायमचं उत्पन्न, मला कायमचा खर्च.

शिवाय ते गेजही एकट्यानं फारसं काही सांगत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आपला वेग सतत बदलतो, त्याबरोबर दाबही बदलतो. मशीन ठरावीक टेस्ट मोडमध्ये न टाकता सुई बघून गॅस किती आहे हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. मशीनवर चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचं वजन छापलेलं असतं. योग्य पद्धत एकच: गळती शोधा, दुरुस्त करा, उरलेला गॅस काढून घ्या, व्हॅक्यूम करा (पंपानं नळीतली हवा आणि ओल ओढून काढा) आणि काट्यावर वजन करून तेवढाच भरा.

मग मी स्वतः टॉर्च घेऊन बघितलं. काही उघडलं नाही, एमसीबी (एसीची वीज तोडणारा स्विच) पाडून नुसतं बघितलं. आउटडोअरच्या बाजूला दोन नळ्या येतात, एक बारीक, एक जाड, आणि दोन्ही पितळी नटांनी जोडलेल्या असतात. नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून नटानं आवळतात, यालाच फ्लेअर जॉइंट म्हणतात. जाड नळीच्या नटाखाली तेलकट काळपट डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस निसटतो तिथं तेल उरतं आणि धूळ धरतं. गॅस कुठून गेला ते मशीननंच लिहून ठेवलं होतं. वाचायला कोणी वाकलं नव्हतं.

या नटाबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. नुसतं थंड करणाऱ्या मशीनमध्ये जाड नळी कायम कमी दाबाची असते. हॉट अँड कोल्डमध्ये गॅसची दिशा उलटवणारा रिव्हर्सिंग वाल्व्ह फिरला की तीच नळी कॉम्प्रेसरमधून निघालेल्या तापलेल्या, दाबाखालच्या गॅसची वाट होते. उन्हाळ्यात गार आणि कमी दाब. हिवाळ्यात कढत आणि २५-२८ बारपर्यंतचा दाब. प्रत्येक डीफ्रॉस्टमध्ये तर हा बदल काही मिनिटांत. जॉइंट जरा जरी कच्चा असला तरी असं वर्षभर ताणून-सैल करून तो उघडा पडतो. शिवाय आर-३२ चा दाब जुन्या आर-२२ च्या साधारण दीडपटीहून जास्त असतो. जुन्या सवयीनं, हाताच्या अंदाजानं आवळलेला नट इथं पुरत नाही. जास्त आवळला तर तांब्याची कड चिरडते किंवा नटच तडकतो, कमी आवळला तर गळतो. यासाठी टॉर्क पाना असतो, ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा. पाव इंची नळीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर; जाड नळीला किती ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. माझ्याकडे बसवायला आलेल्यांकडे टॉर्क पाना नव्हता. साधे दोन पाने, जोर आणि घाई.

शेवटी वरच्या पातळीवर तक्रार गेली आणि एक मुरलेला माणूस आला. त्यानं आधी मशीन हीटिंगवर चालवलं आणि मग साबणाचा फेस लावला. मला हे फार आवडलं. थंडाव्यावर चालू असताना जाड नळीत दाब कमी असतो, फेस नीट फुगत नाही. हीटिंगवर तोच जॉइंट पूर्ण दाबाखाली असतो. क्षणात बुडबुडे. त्यानं गॅस काढून घेतला, नळीचं तोंड कापलं, तोंड खाली धरून आतला कीस साफ केला, नवा फ्लेअर काढला, कडेला तेलाचा थेंब लावला, नट आधी हातानं फिरवला आणि मग टॉर्क पान्यानं टक असा आवाज येईपर्यंत आवळला. नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघितलं. मग व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (नळीत उरलेल्या दाबाचं माप) खाली आणलं, पंप बंद करून काटा चढत नाही ना ते पाहिलं. मग वजन करून गॅस. निघताना हात पुसत म्हणाला, "ताई, हे पहिल्याच दिवशी झालं असतं तर मी आलोच नसतो." त्यानंतर जाळीतली हवा पूर्वीसारखी कढत आणि विनाकारण होणारा डीफ्रॉस्ट बंद.

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. आर-३२ हा ए२एल वर्गातला, म्हणजे सौम्य ज्वलनशील गॅस आहे. घाबरून जायचं कारण नाही: हवेत त्याचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवर गेल्याशिवाय तो पेट घेत नाही, आणि बारीक गळतीनं नेहमीच्या घरात तेवढा साठत नाही. पण तो हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत बसतो आणि ज्योतीत सापडला तर हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू तयार होतात. म्हणून गळतीची शंका आली की मशीन बंद, ज्योत बंद, खिडक्या-दारं उघडी. आणि नळीत गॅस असताना कोणी ब्रेझिंगचा (तांब्याच्या नळ्या तापवून जोडायचा) टॉर्च पेटवू लागला तर त्याला तिथंच थांबवा. आधी गॅस काढायचा, नायट्रोजन फिरवायचा, मग आग. इनडोअरमागचा जॉइंट प्लास्टरखाली किंवा फॉल्स सीलिंगमध्ये गाडू देऊ नका. तिथं डाग पडला तर दिसणार कसा?

विजेबद्दल थोडक्यात. एसीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही. प्लग किंवा वायर गरम लागली, जळका वास आला, तर रिमोटनं बंद करून थांबू नका, एमसीबी पाडा. आउटडोअरचं झाकण स्वतः उघडू नका. वीज तोडल्यावरही इन्व्हर्टर बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज काही मिनिटं उरतो. बंद करून लगेच चालू केल्यावर तीन-एक मिनिटं काहीच होत नसेल तर तो कॉम्प्रेसर वाचवण्यासाठीचा विलंब आहे, बटण दाबत बसू नका.

सफाईत माझं काम आतल्या फिल्टरच्या जाळीपर्यंतच. वापर रोजचा असेल तर दर पंधरवड्याला जाळ्या काढून कोमट पाण्यात धुते, सावलीत पूर्ण वाळवते. ओली जाळी लावली की आत बुरशी. कॉइलच्या फिन्स पात्यासारख्या धारदार असतात, तिथं बोटं घालत नाही. बाजारात मिळणारे कॉइल साफ करायचे फवारे मी वापरत नाही: फवारा उडून बोर्डावर किंवा पंख्याच्या मोटरच्या जोडणीवर गेला तर शॉर्ट होऊन आग लागू शकते. गोल ब्लोअरवर काळा थर दिसू लागला की वर्षाकाठी माणूस बोलावते, पण एमसीबी पाडून, बोर्ड झाकून, खाली पिशवी बांधून धुतो का ते उभं राहून बघते. थंडावा बंद करायच्या आधी वीस-तीस मिनिटं नुसता पंखा चालवला की कॉइल वाळतं आणि तो आंबूस वास येत नाही. मशीनमध्ये 'ऑटो क्लीन' आहे, आधी मला त्याचं कौतुक होतं. ते फक्त वाळवणं आहे, धूळ काढत नाही.

ड्रेन पाइपला सलग उतार हवा आणि त्याचं टोक पाण्यात बुडालेलं नको, एवढं बघा. आतून गळणाऱ्या बऱ्याच एसींचं दुखणं तिथंच असतं. हिवाळ्यात मात्र पाणी आउटडोअरखाली पडतं. खाली जिना किंवा वाट असेल आणि तुमच्याकडे पाणी गोठत असेल तर कोणाचा तरी पाय घसरेल, त्या पाण्याची सोय आधीच करा. आउटडोअरला प्लास्टिकचं कव्हर घालून चालवणं, पुढं कुंड्या रचणं, जाळीनं गच्च कोंडणं, यातलं काही नको. त्याला हवा लागते.

आज विचाराल तर मशीन घ्या म्हणेन, हीटिंगसाठी तर नक्कीच. पण बसवायला येणाऱ्यांना आधी फोनवर विचारा: टॉर्क पाना आहे का, व्हॅक्यूम पंप आणता का, की मशीनमधलाच गॅस सोडून हवा काढता? शेवटचं उत्तर 'हो' आलं तर दुसरा माणूस शोधा. नळीत राहिलेली ओल आणि हवा हळूहळू तेल आणि कॉम्प्रेसर दोन्ही खराब करते.

जागा बदलताना तर दुप्पट लक्ष द्या. गॅस आउटडोअरमध्ये गोळा करण्याला पंप-डाउन म्हणतात. त्या वेळी नळी सैल असेल किंवा नट उघडल्यावरही कॉम्प्रेसर चालू राहिला, तर हवा आत ओढली जाते, तेलाबरोबर दाबली जाते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. अशा अपघातांत माणसं दगावली आहेत. आणि नव्या जागी मशीन लावताना जुनाच फ्लेअर पुन्हा आवळू देऊ नका. घरातल्या बाजूचा फ्लेअर पुन्हा वापरायचा असेल तर तो नव्यानं काढावा, असं माझ्या मॅन्युअलमध्येच छापलंय. त्या पानाचा फोटो मी फोनमध्ये ठेवलाय, पुढच्या वेळी जो कोणी येईल त्याला पाना हातात घ्यायच्या आधी दाखवायला.